चार दिवसांचे लंडन



या व्यासपीठावर विद्वानांनी बसावे आणि आमच्यासारख्यांनी समोरच्या सतरंजीवर, हाच खरा रास्त क्रम आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत अधिक झाले. चालकांनी बोलावणे धाडले तेव्हा आम्ही बोनसवर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही कळविले, यंदा आम्ही परदेशच्या सहलीवर बोलणार. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

याचे कारण सांगितले पाहिजे. निवृत्त झालेला कामगार पूर्वी आमच्याकडे येई तो ग्रॅच्युइटीचा आकडा बरोबर आहे की नाही हे तपासून घेण्यासाठी. अलीकडे तोच मनुष्य चार महिन्यांनी पुन्हा येतो आणि पिशवीतून एक गुळगुळीत, रंगीत पत्रक काढतो. कोणाचा मुलगा तिकडे नोकरीस लागलेला असतो. कोणी दहाजणांनी मिळून दोन वर्षे भिशी चालविलेली असते. कोणी फंडाच्या पैशातली एक रक्कम बायकोला दिलेल्या जुन्या शब्दाखातर बाजूला ठेवलेली असते. "भाऊ, तुम्ही एवढे करारनामे वाचता, हेही एकदा वाचून बघा. सही करू का?" असे तो विचारतो. तीस-पस्तीस वर्षांच्या मजुरीतून उरलेला पैसा, आणि तितकीच वर्षे यंत्रापुढे उभे राहून झिजलेले गुडघे, ही दोन्ही तो त्या चार दिवसांवर लावणार असतो. हा कामगारांचा प्रश्न नव्हे तर कोणाचा?

तेव्हा पत्रक वाचण्यापासूनच आरंभ करू. करारनामा वाचताना आम्ही नेहमी क्रियापदे पाहतो. 'देण्यात येईल' आणि 'देण्याचा प्रयत्न करण्यात येईल' यांत कित्येक कामगारांचे वर्षांचे पैसे बुडालेले आम्ही पाहिले आहेत. सहलीच्या पत्रकातही तेच. 'पॅनोरॅमिक दर्शन' म्हणजे गाडी थांबणार नाही; खिडकीतून दिसेल तेवढे तुमचे. 'फोटो-स्टॉप' म्हणजे गाडी थांबेल, तुम्ही उतरून छायाचित्र काढाल आणि पुन्हा चढाल. 'प्रवेशासह' असे जेथे लिहिले असेल तेथेच तुम्ही आत जाणार. एका गृहस्थांच्या पत्रकात एका दिवशी चौदा स्थळे होती. आम्ही पेन्सिल घेऊन बसलो, तेव्हा पाय जमिनीला लागणार होते ते चार ठिकाणी, आणि दाराच्या आत जावयाचे होते ते फक्त एका! दुसरी गोष्ट मुक्कामाची. 'लंडनमध्ये मुक्काम' एवढ्यावर भागवू नये. हॉटेलचा पत्ता मागून घ्यावा आणि नकाशावर पाहावा. विमानतळाच्या आसपास स्वस्त खोली घेतली की जाण्यायेण्यात रोजचे दोन-अडीच तास जातात. आपण जोगेश्वरीची माणसे. गाडीत उभ्याने गेलेल्या तासांची किंमत आपल्याला दुसऱ्या कोणी सांगावयास नको.

सहलकंपन्यांशी आमचे वैर नाही, हेही येथेच सांगून टाकतो. ज्याला भाषेची भीती वाटते, ज्याच्या बरोबर कोणी नाही, त्याने कंपनीबरोबरच जावे. आणि सामान्य माणसाला प्रवासाला काढणारा पहिला मोठा मनुष्य हा एक कंपनीवालाच होता. टॉमस कुक हा मूळचा सुतारकाम शिकलेला गृहस्थ, दारूबंदीचा प्रचारक. ५ जुलै १८४१ रोजी त्याने लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसे आगगाडीने दारूबंदीच्या सभेस नेली, माणशी एक शिलिंग घेऊन. पुढे १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले, तेव्हा याच कुकने दीड लाखाहून अधिक माणसे तेथे पोचविली. प्रदर्शनाचे आरंभीचे तिकीट श्रीमंतांचे होते. नंतर आठवड्यातले काही दिवस एका शिलिंगाचे ठेवले आणि कारखान्यांतली माणसे लोटली. त्यांतल्या कितीतरी लोकांनी आपल्या गावी वर्गणीच्या मंडळ्या काढून दर आठवड्याला थोडे थोडे पैसे साठविले होते. म्हणजे भिशीच की! तेव्हा आमचे जे मित्र भिशीतून लंडनला जातात ते काही नवे करीत नाहीत. लंडन पाहण्याचा कामगारांचा तो जुनाच मार्ग आहे.

सुट्टी मात्र त्या काळी कोणी देत नसे. आपल्याकडे गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी चालविलेल्या झगड्यानंतर, १० जून १८९० पासून. भरपगारी रजेचा आंतरराष्ट्रीय ठराव जिनिव्हाच्या कामगार संघटनेने १९३६ साली केला. इंग्लंडात तसा कायदा १९३८ साली झाला. आणि आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्याने वर्षात दोनशे चाळीस दिवस भरलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवसाची भरपगारी रजा दिली. इतक्या कष्टाने मिळविलेल्या रजेत मनुष्याने पुन्हा शिट्टीवर उठावे, घड्याळ पाहत जेवावे आणि मागे राहिला म्हणून मुकादमाचे बोलणे खावे, हे आम्हांस पटत नाही.

आता असे पाहा. एखादा परदेशी पाहुणा मुंबईला पहिल्यांदा, दोन दिवसांसाठी येतो. त्याला काय दाखवितात? गेटवे, मरीन ड्राइव्ह, महालक्ष्मीचा धोबीघाट, जमल्यास घारापुरी. जोगेश्वरीला त्याला कोणी आणीत नाही. ज्या देवीच्या नावाने आपले गाव ओळखले जाते तिची ही गुंफा सहाव्या शतकातली. अभ्यासक तिला घारापुरीच्याही आधीची मानतात. डोक्यावर आणि भोवती वस्ती, आणि खाली पायऱ्या उतरून गेले की तो खांबांचा प्रशस्त मंडप. पाहुण्याला आपण तेथे एक सकाळ नेले, वस्तीतल्या एखाद्या घरी चहा पाजला, येताना लोकलच्या डब्यातून आणले, तर त्याला कळेल ते मुंबई हे तो गेटवेपुढे दहा छायाचित्रे काढून कळून घेईल काय? परंतु गेटवे तर पाहिलाच पाहिजे असे तो म्हणेल, आणि तेही खोटे नाही. एक सकाळ गेटवेची, एक सकाळ गुंफेची. लंडनचाही हिशेब याच मापाने करावा. (येथे बसलेल्यांपैकी ज्यांनी ती गुंफा अजून आतून पाहिली नसेल त्यांनी हात वर करण्याची आवश्यकता नाही.)

हिशेबाचे दुसरे माप तासांचे. आठ तास काम, आठ तास करमणूक, आठ तास विश्रांती ही मागणी रॉबर्ट ओवेनपासून चालत आलेली आहे. पन्नाशीसाठीच्या माणसाला शहर पाहणे हे कामच आहे, आणि जड काम आहे. म्हणून सकाळी नऊला बाहेर पडावे आणि पाचला खोलीवर परत यावे. त्या आठ तासांत दोन वेळा, प्रत्येकी निदान पाऊण तास, बूड टेकून बसावे. हे आम्ही नुसते सांगत नाही, कार्यक्रमाच्या कागदावर 'बसणे' असे लिहून ठेवतो. न लिहिलेली विश्रांती कोणतीही व्यवस्था देत नाही, हा आमचा कारखान्यांतला अनुभव आहे.

आणखी एक गोष्ट, जी पत्रकात कधीच नसते. उन्हाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यामागे साडेचार तास असते, हिवाळ्यात साडेपाच. तेथे रात्रीचे साडेनऊ म्हणजे तुमच्या शरीराला रात्रीचे दोन. आणि जो मनुष्य जन्मभर पहिल्या पाळीसाठी पहाटे साडेपाचला उठला, त्याला तेथे पहिल्या रात्री एक वाजताच टक्क जाग येते. चारला तर तो अंघोळ करून तयार! मोठी संग्रहालये उघडतात दहाला. म्हणून पहिल्या दोन दिवसांची रात्रीची तिकिटे, नाटके, रोषणाई ही कंपनीने फुकट दिली तरी घेऊ नयेत. पैसे देऊन खुर्चीत झोपण्यासाठी इतक्या लांब जावयास नको. त्याऐवजी सकाळ वापरावी. सकाळी सातचे लंडन, रस्ते धुतलेले, बागेत कुत्रे फिरविणारी चारदोन माणसे, हे फार सुरेख असते आणि त्याला तिकीट नाही.

कोणत्या महिन्यात जावे? जूनमध्ये तेथे रात्री नऊ-सव्वानऊपर्यंत उजेड असतो. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो. पैसे तेवढेच आणि दिवस निम्मा! आमचे मत सप्टेंबरकडे झुकते, कारण त्यांच्या शाळा तोवर सुरू झालेल्या असतात, गर्दी ओसरते आणि सायंकाळी सातपर्यंत दिसते. गणपती सोडून जाणार कोण, हा प्रश्न उरतोच. ज्या वर्षी गणपती ऑगस्टात येतील ते वर्ष धरावे.

आता प्रत्यक्ष चार दिवस. आम्ही एका दिवसाला एकच भाग धरतो. सकाळी पूर्वेला, दुपारी पश्चिमेला, सायंकाळी पुन्हा मध्यावर, असे धावणे म्हणजे सकाळी विरारला, दुपारी पनवेलला आणि रात्री कुलाब्याला जाण्यासारखे आहे.

पहिला दिवस 'गेटवे'चा. सर्वांना जे पाहावयाचे असते ते या दिवशी पाहून घ्यावे म्हणजे मन मोकळे होते. त्यासाठी महागड्या पर्यटन-गाडीची आवश्यकता नाही. पंधरा नंबरची साधी लाल बस टॉवरपासून निघते असे समजा. सेंट पॉलच्या मंदिरावरून, फ्लीट स्ट्रीटने ती ट्रॅफल्गर चौकापर्यंत नेते. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळेपर्यंत एखादी बस सोडावी. तेथून पार्लमेंट आणि नदीचा पूल पायी. टॉवरमध्ये कोहिनूर आहे. रांग लावून पाहावयाचा असेल त्याने पाहावा, आम्ही मध्ये पडत नाही. एक मात्र सांगतो. वाघनखे पाहण्यासाठी व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात जाण्याचा ज्यांचा बेत असेल त्यांनी आधी चौकशी करावी. ती २०२४ साली तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली आणि प्रथम साताऱ्याला ठेवली गेली. ती महाराजांचीच का, यावर विद्वानांत वाद आहे. त्यात आम्ही पडत नाही.

दुसऱ्या दिवसावर आमचा फार जीव आहे. ब्रिटिश म्युझियम हे जगातल्या मोठ्या संग्रहालयांपैकी एक, १७५९ पासून लोकांना खुले, आणि प्रवेश फुकट. फुकट आहे म्हणून सगळे पाहावयास जाल तर दुपारपर्यंत पायांचे लाकूड होईल. दोन दालने निवडावी. आपल्या माणसांनी अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे चुकवू नयेत. मधल्या चौकात ती गोल इमारत दिसते ते पूर्वीचे वाचनालय. त्या घुमटाखाली मार्क्सने कितीतरी वर्षे घालविली आणि त्याच संग्रहालयाच्या ग्रंथालयात विद्यार्थीदशेत बाबासाहेब आंबेडकरही वाचीत बसत. पुस्तके आता सेंट पँक्रसच्या ब्रिटिश लायब्ररीत गेली आहेत. तेथून पायी पंधरा-वीस मिनिटांत लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि तेवढ्याच अंतरावर ग्रेज इन. बाबासाहेब १९१६ साली प्रथम येथे आले, शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले, मग त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसा साठविला आणि १९२० मध्ये ते पुन्हा आले. ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. १९२३ मध्ये लंडनची डी.एस्सी. मिळविली, ती रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी. हे तिन्ही ठिकाण एका सकाळीत पायी होते, आणि पायी गेल्यावर कळते की परदेशातला गरीब विद्यार्थी बसचे भाडे वाचविण्यासाठी राहावयाचे आणि शिकावयाचे अंतर कसे मोजत असेल.

दुपारी भुयारी रेल्वेच्या नॉर्दर्न मार्गाने चॉक फार्मला उतरावे. १० किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब या घरात राहत. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतले. निवासी वस्तीत स्मारक नको म्हणून तेथील नगरपालिकेशी वाद झाला, चौकशी बसली आणि २०२० मध्ये संग्रहालय म्हणून त्यास परवानगी मिळाली. आमच्याबरोबर एकदा एक फिटर होते, स्वभावाने अबोल. ते त्या दारापुढे पायताण काढून उभे राहिले. शेजारून जाणाऱ्या इंग्रज बाईंनी विचारले, येथे कोण राहत होते? आमच्या मित्राला इंग्रजी फारसे येत नव्हते. ते म्हणाले, "एट अवर्स." बाईंना काही समजले नसेल. आम्हांला समजले. बाबासाहेब हिंदुस्थान सरकारच्या कार्यकारी मंडळात १९४२ पासून मजूरखाते सांभाळीत होते, आणि १९४६ च्या एप्रिलमध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे चोपन्न तास अठ्ठेचाळीसवर आले. बाईंना हे सारे मग मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितले. त्यांनी थांबून ऐकून घेतले.

घरापासून जवळच प्रिमरोज हिल नावाची गवताची टेकडी आहे. वर बाके आहेत, सारे शहर खाली दिसते. दिवसाचे उरलेले तास तेथे बसावे. त्या दिवशी आणखी काही करू नये.

तिसरा दिवस पूर्वेचा. कोणत्याही पत्रकात आम्हांस हा भाग आढळला नाही, आणि आम्हांस विचाराल तर लंडन येथेच राहते. सकाळी व्हाइटचॅपेलला उतरावे. रस्त्याच्या कडेने बाजार भरतो, रविवार सोडून. तेथे कारली, भेंडी, दुधी, कोथिंबीर, सगळे. विकणारे बहुतेक बंगाली. ही जागा आम्हांला सुचली नव्हती. माजासवाडीतल्या एका वहिनींना आम्ही विचारले होते, तुम्हांला लंडनमध्ये काय पाहावयाचे? त्या म्हणाल्या, "तिथल्या बायका भाजी कुठून आणतात ते." त्यांचे यजमान हसले. आम्ही हसलो नाही, कागदावर लिहून घेतले. त्या बाजारात वहिनी दीड तास रमल्या, भाव विचारले, रुपयांत हिशेब करून कपाळाला हात लावला, एका सिल्हेटच्या म्हाताऱ्याशी हिंदीत घरदाराच्या गोष्टी केल्या. परत आल्यावर त्यांच्या तोंडी राजवाडा नव्हता, तो म्हातारा होता. कार्यक्रम आखताना घरातल्या बाईला विचारले जात नाही, ही आमच्या चळवळीतलीसुद्धा खोड आहे. खर्च दोघांच्या नावाचा, तर मागणीपत्रही दोघांचे हवे. प्रत्येकाने आपली एक जागा सांगावी आणि ती दुसऱ्याने कुरकुर न करता पाहावी. आणि बरोबर दहा दिवसांचे थेपले, चिवडा, लाडू करण्याची कामगिरी बाईवरच पडणार असेल, तर निघण्याआधीच्या आठवड्यात तिची सुट्टी कोठे गेली, हेही पाहावे. लंडनमध्ये शाकाहारी मनुष्य उपाशी मरत नाही. यूस्टन स्थानकाजवळ ड्रमंड स्ट्रीटवर आपल्या शाकाहारी खाणावळी आहेत, भेळपुरीसुद्धा मिळते.

व्हाइटचॅपेलहून गाडीने बो रोड. येथे फेअरफील्ड रोडवर ब्रायंट अँड मे यांचा आगपेट्यांचा कारखाना होता. १८८८ च्या जुलैमध्ये येथल्या सुमारे चौदाशे बायका व मुली संपावर गेल्या. मजुरी तुटपुंजी, तीत दंड, आणि पांढऱ्या फॉस्फरसाने जबडा कुजण्याचा रोग. त्यांची हकीकत वर्तमानपत्रात मांडणारी बाई कोण, तर ॲनी बेझंट. पुढे १९१७ साली आपल्या काँग्रेसच्या अध्यक्ष झालेल्या त्याच. संप जिंकला, बायकांची युनियन झाली. पुढच्याच वर्षी, १८८९ मध्ये, गोदी कामगारांनी तासाला सहा पेन्सच्या मागणीसाठी लंडनचे बंदर बंद पाडले. आज त्या कारखान्याच्या विटांच्या इमारतीत महागडे फ्लॅट आहेत. परळ-लालबागकडे फिरणाऱ्याला हे दृश्य नवे नाही. आपल्या गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. तेथे निदान भिंती ठेवल्या आणि २०२२ साली संपाची स्मृतिफलिका लावली. आपल्या गिरण्यांच्या दारांवर कोठे अशी फलिका आहे काय, याचा विचार त्या फुटपाथावर उभे असताना मनात येतोच.

तेथून चालण्याच्या अंतरावर किंग्जली हॉल. १९३१ च्या गोलमेज परिषदेसाठी गांधीजी आले तेव्हा मोठ्या हॉटेलात न उतरता सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत ते या गरीब वस्तीतल्या सेवागृहात राहिले. त्यांची परिषद शहराच्या दुसऱ्या टोकाला होती, रोजची ये-जा लांबची, तरीही मुक्काम कोठे करावा हे त्यांनी स्वतः ठरविले. मधल्या काळात लँकेशायरच्या गिरणी कामगारांनाही भेटून आले, आणि त्या लोकांचा धंदा तर स्वदेशीमुळे बसलेला! आत जाऊन पाहावयाचे असल्यास आगाऊ विचारून ठेवावे.

दुपारी डॉकलंड्सची छोटी रेल्वे घ्यावी. या गाडीला मोटरमन नाही. पुढच्या बाकावर प्रवासी बसतात आणि रूळ थेट अंगावर येतात. मुले खूश होतात, आम्ही मात्र मोटरमन गेला कोठे याच विचारात होतो. डब्यात एक सेवक असतो, तेवढाच दिलासा. उतरल्यावर १८०२ च्या साखरेच्या गुदामात गोदीचे संग्रहालय आहे, फुकट. साखर कोठून आली, ती पिकविणारे गुलाम कोण, जहाजांवर राबणारे आशियाई खलाशी कसे राहत, हे तेथे लपवून ठेवलेले नाही. कोकणातल्या ज्या घरांत आजा-पणजा आगबोटीवर होता त्यांनी हे अवश्य पाहावे.

चौथा दिवस आम्ही कागदावर कोरा ठेवतो. ज्याचे पाय शाबूत असतील त्याने हायगेटच्या टेकडीवर जावे. ६५ क्रॉमवेल ॲव्हेन्यू हे श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ साली उघडलेले इंडिया हाउस. सावरकर तेथे राहत, तशी फलिका आहे. त्याच टेकडीवर, चालत जाण्याइतक्या अंतरावर, मार्क्सचे थडगे. वरचा मोठा डोक्याचा पुतळा १९५६ सालचा. दोघांच्या अनुयायांनी एकाच चढावर दम खावा, ही गंमत लंडनच करू जाणे. ज्याला चढ नको त्याने वॉरिक ॲव्हेन्यूला उतरून कालव्याच्या काठाने १० हाउली प्लेस गाठावे. चिरोलवरील खटल्यासाठी आलेले लोकमान्य १९१८-१९ मध्ये येथे राहिले. खटला हरले, पण त्या मुक्कामात त्यांनी मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांशी संबंध जोडले. १९०८ साली ज्या माणसाच्या शिक्षेविरुद्ध मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या त्याचे हे घर. ही दोन्ही घरे खासगी आहेत. फुटपाथावरून पाहावी, घंटी वाजवू नये. आणि ज्याला काहीच नको असेल त्याने नातवंडांसाठी वस्तू घ्याव्यात किंवा बाकावर बसून माणसे पाहावी.

येण्याजाण्याविषयी थोडे. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत. बँकेचे कार्ड टेकवून चढावयाचे. भुयारी रेल्वेत उतरतानाही टेकवावयाचे, नाहीतर जास्त भाडे कापले जाते. माणशी एक कार्ड लागते. नवराबायकोचे एकाच कार्डावर भागत नाही. दिवसाच्या भाड्याला एक कमाल मर्यादा आहे, तिच्यावर कितीही फिरलात तरी पैसे कापत नाहीत. आपल्या बँकांची कार्डे बहुधा परदेशी व्यवहारासाठी बंद असतात, ती निघण्यापूर्वी चालू करून घ्यावी. भुयारी रेल्वे १८६३ सालची. जुन्या स्थानकांत जिने फार. नकाशावर चाकाच्या खुर्चीची खूण असेल तेथे जिना नाही, असे समजावे. गुडघे दुखणाऱ्याला बस बरी. ती स्वस्तही आहे आणि खिडकीबाहेर दिसते. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहावे, डावी बाजू घाईच्या लोकांची.

एक नाजूक विषय आहे, परंतु साठीच्या माणसांपुढे तो टाळणे बरे नव्हे. शौचालय. संग्रहालयांतली शौचालये स्वच्छ आणि फुकट असतात, म्हणून आम्ही दिवस असा आखतो की दर अडीच-तीन तासांनी एखादे संग्रहालय वाटेत यावे. मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांना हे जितके महत्त्वाचे आहे तितका टॉवर ऑफ लंडनही नाही. नळाचे पाणी पिण्यास चांगले आहे. बाटली भरून घ्यावी. औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत, आणि विमा उतरविल्याखेरीज पाऊल टाकू नये. तेथले सरकारी रुग्णालय पाहुण्याला फुकट नाही.

आणि सराव करावा. निघण्यापूर्वी महिनाभर एका रविवारी, तेच बूट घालून, सकाळी आपली गुंफा, मग लोकलने चर्चगेट, काळा घोड्याचे संग्रहालय, तेथले एकच दालन, आणि परत. किती तासांनी पाय बोलू लागले ते लिहून ठेवावे. तो आकडा लंडनच्या कागदावर सर्वांत वर लिहावा.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. लंडनच्या व्हिसावर पॅरिसला जाता येत नाही, तो वेगळा काढावा लागतो. कागदपत्रांचे प्रश्न प्रत्येकाचे निराळे असतात, ते सभेत सांगण्यासारखे नाहीत. ज्यांनी पत्रके बरोबर आणली असतील त्यांनी सभा संपल्यावर दाराजवळच्या टेबलापाशी थांबावे. आम्ही पेन्सिल आणली आहे.